छतावर सोलर, खाली मी

कुरवंड्याच्या घरावर सोलर बसवायचं खूळ मुलाच्या डोक्यात शिरलं, तेव्हा मी त्याला सरळच विचारलं होतं, "अरे, जून ते सप्टेंबर आमच्याकडचा सूर्य रजेवर असतो. तेव्हा काय करणार तुझं सोलर?" पावसाळ्यात नागफणीच्या कड्याकडून ढग येतात ते आमच्या गावावरून जात नाहीत, गावातून जातात. दार उघडं दिसलं की घरातही शिरतात. चादरी, पुस्तकं, पापडाचा डबा, सगळ्याला एकच ओला वास येतो. अशा ठिकाणी उन्हावर वीज करायची ही मला थट्टाच वाटली.

मुलगा तळेगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. यंत्राचा विषय निघाला की त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही, आईचं तर नाहीच. "उरलेले आठ महिने कडक ऊन असतं ना? तेव्हा जास्तीची वीज बोर्डाकडे जमा होते, ती पावसाळ्यात वापरायची. आणि सरकार अनुदान देतंय, आई. उद्या ते बंद झालं म्हणजे बसशील बोटं मोडत." मग त्यानं खरं कारण सांगितलं. मी थंडीत गार पाण्यानं अंघोळ करते, खोलीतला दिवा लावत नाही, टीव्हीच्या उजेडात जेवते, हे सुनेनं त्याच्या कानावर घातलं होतं. "पोरगा कमावता आहे आणि आई अंधारात बसते, लोक काय म्हणतील?" असं तो म्हणाला. तो रागावला होता, पण त्याचं रागावणंही मला बरं वाटलं.

पैसे नव्हते म्हणून मी अंधारात बसत नव्हते. माझी सगळी नोकरी लोणावळा स्टेशनच्या तिकीट खिडकीत झाली, पेन्शन व्यवस्थित येते. पण एका माणसासाठी किती दिवे लावायचे? मिस्टर गेल्यापासून घरातल्या बाकीच्या खोल्यांत मी केर काढण्यापुरती जाते. ज्या खोलीत कोणी नाही तिथे दिवा लावला की ती खोली आणखीच रिकामी दिसते. हे मुलाला सांगितलं असतं तर त्यानं 'आई, काहीतरीच' म्हणून उडवून लावलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

तरी मी हो म्हटलं. विजेसाठी नाही. या कामाच्या निमित्तानं त्याच्या चार चकरा होतील, एवढंच मी पाहिलं.

पहिलं विघ्न मीटरचं आलं. मीटर मिस्टरांच्या नावावर होता. आमच्या गावात ही रीतच आहे. माणूस जातो, सातबाऱ्यावर वारस लागतात, रेशनकार्डावरून नाव कमी होतं, पण विजेच्या मीटरला कोणी हात लावत नाही. निम्म्या गावाची बिलं गेलेल्या माणसांच्या नावानं येतात आणि मागे राहिलेली माणसं ती मुकाट भरतात. शेजारच्या मावशींच्या घरी अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावानं बिल येतं. त्या सासऱ्यांना मी पाहिलेलंसुद्धा नाही. मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. त्यो काय येतोय व्हय भांडायला?"

पण अनुदानाचं तसं नव्हतं. ज्याचा मीटर त्याच्याच खात्यात पैसे, आणि गेलेल्या माणसाचं खातं कुठून आणायचं? म्हणून मुलानं रजा टाकली, मला गाडीवर बसवून लोणावळ्याच्या वीज ऑफिसात नेलं. तिथल्या मुलीनं अगदी नम्रपणे विचारलं, "हे हयात आहेत का?" मी नाही म्हटलं, आणि काही दिवसांत मीटर माझ्या नावावर झाला. गंमत अशी की बिल वाटणारा माणूस दर महिन्याला अंगणात उभा राहून बिलावरचं नाव मोठ्यानं वाचायचा. महिन्यातून एकदा का होईना, आमच्या अंगणात मिस्टरांच्या नावाची हाक यायची आणि मी ओ द्यायला जायचे. पुढच्या महिन्यापासून तो माझ्या नावानं ओरडायला लागला. पहिल्या वेळी मला दारात जाववेना, तो बिल पायरीवर दगडाखाली ठेवून गेला.

नंतरचे रविवार मात्र मजेत गेले. मुलगा सकाळी यायचा, कधी एकटा, कधी सून आणि नातीला घेऊन. कधी जागेची मापं, कधी लोखंडी सांगाडा, कधी वायरिंग. मी आदल्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून बोंबील, सुकट आणायचे. सोलरवाल्यांची माणसंही जेवायला असायची. एवढ्या भाकरी मी कित्येक वर्षांत थापल्या नव्हत्या. मनगट दुखायचं आणि मी कोणाला सांगायचे नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी बाहेरून जेवण मागवलं असतं.

एका रविवारी सोलरवाल्यांचा माणूस वरून खाली आला आणि म्हणाला, "दादा, त्या सळयांची सावली पडतेय पॅनेलवर. कापाव्या लागतील."

त्या सळया म्हणजे आमच्या घराच्या स्लॅबवर कोपऱ्याकोपऱ्यात उभ्या असलेल्या, गंजून लाल झालेल्या लोखंडी सळया. घर बांधताना मिस्टरांनी खांबांमधून त्या वर सोडून ठेवल्या होत्या. पोराचं लग्न झालं की वर त्याच्यासाठी मजला चढवायचा, असं त्यांच्या मनात होतं. पाण्यानं गंजू नयेत म्हणून सुरुवातीची काही वर्षं ते त्यांना सिमेंटचं पाणी लावायचे, टोकांना प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घालायचे. त्यांच्यानंतर बाटल्या वाऱ्यानं उडाल्या आणि सळया तशाच उभ्या राहिल्या.

"काप की मग," मुलगा म्हणाला. त्याला एवढं बोलायला विचारही करावा लागला नाही. त्यानं स्वतःच ग्राइंडर घेतला आणि वर गेला. मी खाली ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. वरून ठिणग्या पडत होत्या आणि नात टाळ्या पिटत होती. मला रडू यायला लागलं, तेव्हा मी तांदळाचं सूप घेऊन आत गेले. तो इथे राहायला येणार नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. तळेगावात त्याचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, पोरीची शाळा आहे. माहीत असणं वेगळं आणि त्याचा आवाज ऐकणं वेगळं. त्यानं कापलेले तुकडे नीट बांधून भंगारवाल्याला दिले.

मग फोटोचा दिवस आला. अनुदान मिळायचं तर अर्जदारानं स्वतः पॅनेलशेजारी उभं राहून फोटो काढायचा असतो, म्हणजे सरकारला खात्री पटते की सोलर खरंच बसलं आणि बाई खरंच आहे. आमच्या स्लॅबला जिना नाही, लोखंडी शिडी आहे. मुलानं खालून शिडी धरली, सून वरून हात द्यायला, मध्ये मी. "आई, खाली बघू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, फक्त वर बघ!" तो ओरडत होता आणि हसत होता. मी म्हटलं, "शिडी धर आधी, सूचना नंतर दे." वर पोचल्यावर लांब नागफणी दिसली, खालच्या वाटेनं कड्याकडे चाललेली शहरातली पोरं दिसली. ती निळी पॅनेलं उन्हात तापली होती. मी पदर सारखा केला आणि त्यांच्याशेजारी सावधान उभी राहिले. त्या फोटोत मी जरा जास्तच खूश दिसते. सून म्हणाली, "आई, तुम्ही तर हिरॉइन." तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

यानंतर अनुदान यायचं होतं. अर्ज तपासून पैसे खात्यात यायला वेळ लागतो, असं मुलगा म्हणाला. तेवढ्या वेळात मीटर बदलायला माणूस आला, पाहणी करायला माणूस आला, प्रत्येक वेळी मुलगा हजर. तो फोनवर सोलरवाल्याला खडसवायचा, "अनुदान अजून कसं आलं नाही?" सबंध गावात अनुदान उशिरा यावं असं वाटणारी मी एकटीच असेन. पण ते वेळेवर आलं. सरकारी काम आणि वेळेवर! मोबाइलवर संदेश आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मी मुलाला कळवलं, तो म्हणाला, "झालं, सुटलो बुवा एकदाचे." त्या रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारी नातीची परीक्षा होती, आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत लोणावळ्याला मुंबईच्या गाड्यांची जी रांग लागते तिचं कारण त्याला आयतंच मिळालं.

त्याचा सकाळचा फोन मात्र होता. त्याच्याबद्दल सांगायला हवं. त्याच्या कारखान्यात गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, सुटल्यावरच परत मिळतो. म्हणून सकाळी कामावर निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर तो मला फोन करायचा, ते गेट येईपर्यंत. "उठलीस का? चहा झाला का? पाऊस काय म्हणतोय?" उत्तरं ठरलेली. मग तो सुपरवायझरची नक्कल करायचा, मी मावशींच्या म्हशीचं काहीतरी सांगायचे, मागून बसमधली पोरं ओरडायची. "चल, गेट आलं," म्हणून तो फोन ठेवायचा. मिस्टर गेल्यापासून हा फोन एकदाही चुकला नव्हता. मी एकदा तापात होते आणि फोन उचलला नाही, तर तो गेटवरूनच मागे फिरून इथे आला होता.

सोलरबरोबर त्यानं मीटरशेजारी एक छोटा डबा बसवला होता. छतावर किती वीज तयार होते आणि घरात किती वापरली जाते ते त्या डब्यामुळे त्याला मोबाइलवर दिसायचं. त्याला त्याचं कोण कौतुक! एका सकाळी फोनवर म्हणाला, "तू आत्ता गीझर लावलास ना?" मी चकितच झाले. "आई, आता मला सगळं दिसतं. गीझर लागला की तू उठलीस. मग मिक्सर, म्हणजे चटणी. मग मोटर, म्हणजे टाकीत पाणी. मी इथं बसून सांगू शकतो तू काय करतेयस." मी म्हटलं, "आणि मी नुसतीच बसले असले तर?" तो म्हणाला, "मग काही दिसत नाही."

त्यानंतर फोन हळूहळू कमी झाला. एक दिवस आला नाही, मी काळजी करत बसले, तर त्याचा एक अंगठा आला. म्हणजे मोबाइलवरचं ते अंगठ्याचं चित्र. गीझर दिसला, तू उठलीस, ठीक आहे, असा त्याचा अर्थ. आधी आठवड्यातून एखादा अंगठा यायचा, बाकी फोन. मग एखादा फोन, बाकी अंगठे. पावसाळा लागेपर्यंत नुसतेच अंगठे उरले. त्याला दोष तरी कसा द्यायचा? तो माझ्याकडे रोज बघत होता. अगदी मन लावून बघत होता. बोलत नव्हता, इतकंच.

मी काय करावं? मी वीज वापरायला लागले. हसू नका. ज्या बाईनं टीव्हीच्या उजेडात जेवणं केली ती सकाळी उठून आधी गीझर लावायला लागली, तोही त्याची बस सुटायच्या वेळेला. चटणी पाट्यावर वाटायची सोडून मिक्सरवर. साड्यांना इस्त्री करायला लागले. कुठे जायचं नसताना इस्त्री! पौर्णिमेला विहारात गेले तर बायका म्हणाल्या, "बाई, हल्ली लय टापटीप." मी त्यांना काय सांगणार की ही इस्त्री तळेगावला दिसावी म्हणून आहे.

मावशींना सोलरचं वेगळंच कुतूहल. पहिल्या वादळात गावची लाईट गेली, तशा त्या आणि त्यांची सून मोबाइल चार्ज करायला माझ्याकडे आल्या. माझ्याकडेही अंधार. बोर्डाची लाईट गेली की हे सोलरही आपोआप बंद पडतं, तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. मावशींना ते पटेना. "आवं, मग कशापायी बशिवलं? सरकारचं पैसं घेतलं, छपराला आरसं लावलं, आन् अंधार आमच्यावानीच!" आम्ही तिघी मेणबत्ती लावून बसलो. त्यांनी येताना भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. त्या संध्याकाळी माझ्या घरात वीज नव्हती, म्हणजे त्या डब्याच्या हिशेबानं मी घरात नव्हतेच, आणि खूप दिवसांनी मी पोटभर बोलले.

मग भातलावणी सुरू झाली. आमच्याकडे लावणी सावडीनं करतात. आज एकाच्या खाचरात सगळं गाव, उद्या दुसऱ्याच्या खाचरात. म्हणून त्या दिवसांत वाडीत चिटपाखरू नसतं, म्हातारी माणसंसुद्धा बांधावर रोपांच्या मुठी पोचवायला जातात. आम्हाला शेती नाही, मी एकटी मागे राहते. पश्चिमेच्या भिंतीला, खिडक्यांसकट, मुलानं मे महिन्यातच माणूस पाठवून जाडी ताडपत्री बांधून घेतली होती, झड आत येऊ नये म्हणून. त्यामुळे बाहेरचं आत ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही.

त्या सकाळी मी नेहमीसारखा गीझर लावला, टाकी भरायची मोटर लावली आणि न्हाणीघरात गेले. आत जाऊन कडी लावली. घरात दुसरं कोणी नाही, तरी कडी लावायची सवय सुटत नाही. बादलीत गरम पाणी सोडलं. पावसाळ्यात आमच्या फरशीला किती घासलं तरी बुळबुळीत थर येतो. माझा पाय सरकला, गुडघा आतल्या बाजूला वळला आणि मी भिंतीला आपटून खाली आले. काही वेळ श्वासच घेता येईना. मग उठायला गेले, तर गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

नळ चालूच होता. बादली भरून पाणी फरशीवरून माझ्याकडे येत होतं. सुरुवातीला ते चांगलं गरम होतं आणि खोटं कशाला बोलू, त्या पाण्याचा आधार वाटला. गीझरचा लाल दिवा वर दिसत होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की बस आत्ता कुठेशी असेल. तो आत्ता मोबाइलमध्ये बघत असेल. त्याला गीझर दिसत असेल, मोटर दिसत असेल. आई उठली, आई अंघोळ करतेय, पाणी भरतेय. आणि आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा मोबाइल एकदा टुणकन वाजला. तो अंगठा होता हे मला न बघता कळलं.

मी हाका मारल्या. मावशींना मारल्या, मग कोणालाही मारल्या. पावसात ताडपत्री फडफडत होती, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पूर्वीचा फोन असता तर आत्ता तो वाजला असता, मी उचलला नसता, पुन्हा वाजला असता, आणि तो गेटवरून मागे फिरला असता. आता गेट आलं असेल, मोबाइल जमा झाला असेल. त्याच्या लेखी आजची आई नीट चालू झाली होती. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते कळेना. त्याचा नाही म्हणता येणार नाही, थोडा त्याचाही आला. मी इथे मेले तरी गीझर चालूच राहील, मोटर चालूच राहील, फ्रीज तर कायमचाच चालू. संध्याकाळी मोबाइल हातात आला तरी त्याला आई ठणठणीतच दिसेल. मी तिथे पाण्यात पडून मोठ्यानं रडले. ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे लाजायचंही कारण नव्हतं.

पाणी कोमट झालं, मग गार झालं. दिवा काही विझला नाही, कारण नळ वाहत होता आणि मोटर टाकीत नवं पाणी टाकत होती. नळ माझ्या हाताच्या वर होता, कडी त्याच्याही वर. शेवटी कोपऱ्यात पाणी सारायचा वायपर दिसला. सरपटत तिथवर गेले, त्याच्या दांड्यानं नळावर मारून मारून तो कसाबसा फिरवला, पण पुरता बंद झाला नाही. मग दांड्यानं कडी ढकलायला लागले. ती पावसानं फुगलेल्या दारात घट्ट बसली होती. खूप वेळ गेला. हात दुखले की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. कडी निघाली तेव्हा मी दारातून अर्धी बाहेर तशीच पडून राहिले. पुढे सरपटत खोलीत गेले, ओढून चादर घेतली, कसेबसे कपडे घातले. मोटर आणि गीझरची बटणं भिंतीवर उंच आहेत, ती तशीच राहिली. मोबाइल हाती आला तो दुपार उलटून गेल्यावर. त्यात एकच अंगठा होता.

मी त्याला फोन केला नाही. मोबाइल गेटवर असतो हे एक, पण कारखान्याच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे होता. मनाशी म्हटलं, नाही. तो सुटेल, मोबाइल हातात घेईल, घराकडे बघेल. आज त्याला नेहमीपेक्षा वेगळं दिसेल. सकाळपासून अखंड गीझर, अखंड मोटर. शहाण्या माणसाला कळेल की आपल्या आईच्या हातून असं कधी होणार नाही. जी बाई रिकाम्या खोलीत दिवा लावत नाही ती दिवसभर गीझर कसा चालू ठेवेल? माझ्या पोराला हे कळेलच. मला तेवढंच पाहायचं होतं.

संध्याकाळी मावशी चिखलानं भरलेल्या पायांनी अंगणातून हाक देत आल्या, टाकीचं पाणी छपरावरून वाहताना त्यांनी परतताना वाटेवरूनच पाहिलं होतं. मला बघून त्यांनी तोंडावर हात मारला. मोटर बंद केली, गीझर बंद केला, मला उचलून पलंगावर घातलं. हळद आणि तेल गरम करून गुडघ्याला चोळलं, फडक्यानं आवळून बांधलं. हाड मोडलेलं नव्हतं. "पोराला कळीवलं का न्हाई?"

"त्याला दिसतं सगळं."

"काय दिसतंय? गुडघा दिसतोय व्हय त्याला?"

मी म्हटलं, "मावशी, तो करेल फोन. आज नक्की करेल." त्यांनी माझ्या अंगावरची चादर नीट केली. चहा करून दिला, रात्रीची भाकरी आणते म्हणाल्या आणि घरी गेल्या. मी मोबाइल उशाशी घेऊन बसले.

आणि फोन आला. किती दिवसांनी त्याच्या नावासकट तो वाजत होता.

"आई!" त्याचा आवाज अगदी खुशीत होता. मागे बसमधली पोरं ओरडत होती. "काय गं, आज पाहुणे आले होते का? सकाळपासून गीझर, मोटर... आपल्या घरात एवढी वीज मी कधी बघितलीच नव्हती!"

मला वाटलं होतं त्याला कळेल. नोकरीत मी जाळीपलीकडच्या माणसाच्या नुसत्या आवाजावरून ओळखायचे, हा घाबरलाय, हा खोटं बोलतोय, ही रडून आलीय. हा तर माझा मुलगा. डब्यातून नाही कळलं, आवाजावरून तरी कळेल.

"हो," मी म्हटलं. "आले होते."

"कोण गं?"

"स्टेशनवरच्या जुन्या मैत्रिणी."

माझा आवाज चिरकला होता, मलाच ऐकू आला होता. तो आता विचारेल, आई, तुझा आवाज असा का येतोय? एवढं विचारलं की सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

"अरे वा! भारीच की. आहेत का अजून?"

मी खोलीत पाहिलं. पलंगाखाली माझी ओली साडी पडली होती. "आहेत," मी म्हटलं.

"बरं झालं, आई. मला सारखं वाटायचं, तू तिकडे एकटी आहेस म्हणून. आज बघून इतकं बरं वाटलं ना! चल, मग मी ठेवतो. तू बस त्यांच्याशी बोलत," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.